बेकहॅमचा पगार आणि हिशेबाची वही

फुटबॉलवेड्या मुलांच्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेत एवढा पैसा आहे, मग जगातले सगळेच मोठे खेळाडू तिकडे का जात नाहीत?

कारण तिथे मालक श्रीमंत असून भागत नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडूचा करार क्लबशी नाही, थेट लीगशी होतो. प्रत्येक संघाच्या एकूण पगारालाही मर्यादा असते. २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅमला लॉस एंजेलिसला आणायचं ठरलं, तेव्हा या मर्यादेत एक खिडकी उघडावी लागली. अशा खेळाडूचा पगार कितीही असो, मर्यादेत धरायची ती ठरावीक रक्कमच; वरचं मालकाने भरायचं. बेकहॅमचा वर्षाचा पगार ६५ लाख डॉलर, हिशेबात धरले ४ लाख. त्याच संघातल्या काही नवख्या पोरांना वर्षाला मिळत होते १२,९०० डॉलर! लोक याला 'बेकहॅम नियम' म्हणू लागले. आज प्रत्येक संघाला अशा तीन जागा आहेत.

यात कोंडी होते ती मधल्या फळीतल्या परदेशी खेळाडूची. तो तारा नाही आणि स्वस्तही नाही. त्याच्यासाठी लीगने पुढे वेगळी रक्कम काढली खरी, पण परदेशी खेळाडूंच्या जागाही मोजक्याच. त्या जागा क्लब एकमेकांना विकतात. अमेरिकन संघात ग्रीन कार्डवाला परदेशी धरला जात नाही, त्यामुळे क्लबला त्याच्या गोलांइतकंच त्याचं कार्डही मोलाचं.

पुढे बेकहॅम स्वतः इंटर मायामीचा सहमालक झाला. २०२० च्या हंगामात या क्लबच्या तिन्ही जागा भरल्या; त्याच वर्षी आलेला फ्रान्सचा विश्वविजेता मात्युइदी मात्र कागदोपत्री साध्या पगाराचा दाखवला गेला. २०२१ मध्ये लीगने क्लबला २० लाख डॉलर दंड केला. शिवाय पुढच्या दोन हंगामांच्या खर्चाच्या रकमेतून २२ लाखांहून जास्त कापले.

खेळाडूंची संघटना सगळ्यांचे पगार जाहीर करते. (आपल्याकडे पगार विचारतात तो फक्त रिश्ता जुळवताना!) २०२३ मध्ये मेस्सी याच मायामीत आला. त्याची हमीची कमाई वर्षाला २ कोटी डॉलरांच्या वर, तर अख्ख्या संघाची मर्यादा सुमारे ५२ लाख. दंडाची कपात त्या हंगामातही चालूच होती. मेस्सीचं काही अडलं नाही. कात्री लागली ती बाकीच्यांसाठीच्या रकमेला.