रुग्णालय कोणाचे?

दल्ली-राजहरा हे भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणारे गाव. तेव्हा ते मध्य प्रदेशात होते, २००० सालापासून छत्तीसगडात आहे. तेथील कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली स्वतंत्र संघटना उभी केली. त्याच वर्षी २ आणि ३ जून या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. पुढे बरोबर सहा वर्षांनी, ३ जून १९८३ रोजी, त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गावी पंधरा खाटांचे रुग्णालय सुरू केले आणि त्याला शहीद रुग्णालय हे नाव दिले. हुतात्म्यांच्या स्मारकांची या देशात वाण नाही; पण ज्याच्या दारात रात्री दोन वाजता अडलेली बाळंतीण आणता येते असे स्मारक विरळाच.

मजुरीच्या प्रश्नावर लढणारी संघटना दवाखान्याकडे का वळली? संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई प्रसूतीच्या वेळी योग्य उपचारांवाचून दगावल्या, हा घाव ताजा होता. कायम कामगारांना जी वैद्यकीय सोय सहज मिळे, ती त्याच खाणीत घाम गाळणाऱ्या कंत्राटी मजुराच्या आणि आसपासच्या आदिवासी शेतकऱ्याच्या वाट्याला येत नसे. म्हणून १९८२ च्या जानेवारीत संघटनेने प्रथम एक लहानसा दवाखाना उघडला. बिनायक सेन, आशीष कुंडू, सैबल जाना यांच्यासारखे तरुण डॉक्टर या कामात सामील झाले. रुग्णालयाची इमारत उभी राहिली ती कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून.

तथापि पैसा कामगारांचा होता एवढ्यानेच ते रुग्णालय कामगारांचे झाले असे नव्हे. कामगारांमधूनच आरोग्य कार्यकर्ते तयार करण्यात आले. खाणीतले काम संपवून ते रुग्णसेवेला येत. अतिसार झालेल्या मुलाला सलाईनच लावले पाहिजे, सुई टोचल्याखेरीज तापाला उतार पडत नाही, अशक्तपणा आला की टॉनिकची बाटली हवी, अशा समजुतींवर देशभर कितीतरी दवाखाने पोसले गेले आहेत. शहीद रुग्णालयाने त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. मीठ-साखर-पाण्याचे मिश्रण घरच्या घरी कसे करावे हे वस्त्यांतून शिकविले. रुग्ण मागतो ते आणि रुग्णाला लागते ते यांत पुष्कळदा अंतर असते. हे अंतर समजावून सांगण्याचे बळ बाहेरून आलेल्या तज्ज्ञापेक्षा शेजारी राबणाऱ्या साथीदाराच्या शब्दात अधिक असते. संघटनेने दारूविरुद्ध उघडलेली मोहीमही याच आरोग्यकार्याचा भाग मानावी लागेल.

परंतु गरज कोणती, हे ठरवावयाचे कोणी? या बाबतीत महाराष्ट्रातील गडचिरोलीचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. अभय व राणी बंग यांनी त्या जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीवरून अंदाज बांधला असता तर हा आजार त्या गावांत जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष निघाला असता! पुढे बंग दांपत्याच्या संस्थेने रुग्णालय बांधावयाचे ठरविले तेव्हा तेथील आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना आजाऱ्यापासून दूर ठेवतात, अशी उत्तरे आली. मग आदिवासी पाड्यासारखे झोपड्यांचे, आप्तांना सोबत राहता येईल असे रुग्णालय झाले आणि दंतेश्वरी देवीचे नाव त्याला मिळाले. लाखोंचा आराखडा करणाऱ्या वास्तुशास्त्रज्ञाला हे सुचले नसते.

या उदाहरणांचा आधार घेऊन कोणी म्हणेल की लोकांनीच आपापली रुग्णालये उभारावीत, सरकारने बाजूला व्हावे. असा अर्थ काढणे घातक ठरेल. शहीद रुग्णालयामागे हजारो संघटित कामगार होते; ऊसतोडीला गेलेल्या मजुराच्या किंवा दुर्गम पाड्यातल्या विधवेच्या पाठीशी अशी शक्ती कोठून येणार? सरकारी यंत्रणेत काही होतच नाही हेही खरे नाही. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रातच डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास सुरू केला. कोकणातला शेतकरी लाल विंचवाने का मरतो, हा प्रश्न कोणत्याही मोठ्या शहरी संस्थेला पडला नव्हता.

सरकारचे स्वतःचे निकष पाहावेत. सपाट प्रदेशात १,२०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येमागे तीस खाटांचे एक ग्रामीण रुग्णालय. तेथे शल्यविशारद, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. प्रत्यक्षात देशातील अशा रुग्णालयांत गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी असल्याचे केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनेच दाखविले. खाटा आहेत, डॉक्टर नाहीत. मग अडलेली बाई जिल्ह्याला पाठवावयाची, आणि तेथून पुढे खाजगी रुग्णालयात. विमा योजनांचा पैसाही याच वाटेने खाजगी रुग्णालयांकडे वाहतो. २०२० साली नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याची योजना मांडली, तीत ‘बाजारभावाच्या खाटा’ असा शब्दप्रयोगच होता. सार्वजनिक रुग्णालय प्रथम ओस पाडावयाचे आणि मग ते ओस आहे म्हणून दुसऱ्याच्या हवाली करावयाचे, ही चाल गिरणीच्या आणि एस.टी.च्या बाबतीत कार्यकर्त्यांनी पाहिलेली आहे.

ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून रुग्ण कल्याण समित्यांची तरतूद केली. त्यांत लोकप्रतिनिधींना जागा आहे, किरकोळ खर्चासाठी निधीही आहे. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. औषधे बाहेरून आणावयास का लावता, डॉक्टर मुक्कामी का राहत नाहीत, असे प्रश्न जनसुनवाईत सामान्य बायाबापड्यांनी अधिकाऱ्यांना तोंडावर विचारले. ही साधने अपुरी आहेत, पण ती हातात आहेत. रास्त धान्य दुकानाचा फलक जे कार्यकर्ते डोळ्यांत तेल घालून वाचतात, त्यांनी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन समितीची शेवटची बैठक कधी झाली, सर्पदंशाची लस किती शिल्लक आहे आणि गेल्या महिन्यात किती बाळंतिणी पुढे धाडल्या, एवढे तरी विचारून यावे.