शिपायाचे पाय

आमच्या इनामगावात घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1983 खणलं. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं निघाली. घराच्या जमिनीखाली पुरलेली, घोट्यापासून पाय तोडलेली. मेलेला उठून चालू नये म्हणून, असं जाणकार सांगतात.

गिरणीची पाळी सुटली की मी टीव्हीपुढं बसतो, लष्कराच्या बातम्या ऐकतो. मला ते पाय आठवतात.

नितीन गोखले मराठी माणूस. 1999 ला कारगिलची बातमीदारी, मग एनडीटीव्ही, 2009 ला श्रीलंकेचं युद्ध, 2014 ला सियाचीनवर पुस्तक, 2015 ला स्वतःचं 'भारतशक्ती'. जिथं गोळी सुटते तिथं जाऊन बातमी आणली. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण त्या वाटेशी आहे. ती वाट आमच्या वस्तीवरनं का जात नाही?

मरायला आम्ही चालतो. कोरेगाव भीमाचा स्तंभ बघा, 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं वाचा. 'नाक' लागलेली नावं आमची. पुढं 1892 च्या सुमारास गोऱ्यांनी भरती बंद केली. म्हणे, हे लढाऊ नाहीत! 1941 ला महार रेजिमेंट उभी राहिली. 1987 ला श्रीलंकेत आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, परमवीर चक्र मिळालं. तेव्हाचे लष्करप्रमुख सुंदरजी याच रेजिमेंटचे. हे तुम्ही कुठल्या चॅनेलवर ऐकलं? कोरेगावला कॅमेऱ्यांची झुंबड उडाली ती 1 जानेवारी 2018 ला, दगड पडले तेव्हा.

कुणी म्हणेल, जवानाला जात नसते. बरं. माझा चुलता याच रेजिमेंटमधला. सरहद्दीवर जवान, रजेवर येऊन एस्टीतनं उतरला की पुन्हा महारवाड्यातला. सरहद्दीवर नसलेली जात फाट्यावर कुठनं आली? हा प्रश्न विचारायला माईक कुणाच्या हातात पाहिजे?

सुभेदार रामजींच्या पोरानं 1920 ला 'मूकनायक' काढला. शिपायाच्या घरातनं संपादक निघाला, ही आपली वाट.

म्हणून पोरांनो, भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळताय, पळा. पण एकानं तरी पळता पळता माईक उचला. तोडलेले पाय कुणी परत आणून देणार नाही. आपल्या बातमीला आपल्याच पायांनी चालावं लागंल.