पिंजरा आणि पांजरापोळ

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला, की खान्देशातील पेढ्यांवर प्रवासाच्या तारखा ठरू लागतात. जळगावच्या सराफ बाजारातील एक गृहस्थ गेल्या हिवाळ्यात असेच हिऱ्यांच्या खरेदीसाठी बेल्जियममधील अँटवर्प येथे गेले. दरवेळी धाकटे बंधू सोबत असत. या खेपेस लग्नसराईमुळे त्यांना पेढीवर थांबावे लागले. शुक्रवारी संध्याकाळी सौदे आटोपले. शनिवार-रविवार हिऱ्यांचा बाजार बंद, परतीचे विमान सोमवारचे. पालनपूरकडील जैन कुटुंबे त्या शहरात कित्येक वर्षांपासून स्थिरावली आहेत आणि विल्राइक उपनगरात त्यांनी संगमरवरी जिनमंदिर बांधले आहे. शनिवार तिथे दर्शनात आणि परिचितांच्या घरी गेला. रविवार मात्र पूर्ण रिकामा होता.

त्या रविवारचे काम जळगावहूनच ठरून आले होते. त्यांची आठ वर्षांची मुलगी पाठशाळेत जाते. चोवीस तीर्थंकरांची लांछने तिने नुकतीच पाठ केली होती. त्यांतील प्राण्यांची एक यादी वहीच्या कागदावर करून तिने ती वडिलांच्या पाकिटात ठेवली होती : अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा अश्व, अभिनंदनस्वामींचा वानर, श्रेयांसनाथांचा गेंडा, शांतिनाथांचे हरिण, मुनिसुव्रतस्वामींचे कासव, महावीरस्वामींचा सिंह. प्रत्येक नावापुढे एक चौकोन. "पप्पा, जे जे दिसेल त्याच्यापुढे खूण करा आणि हत्तीचा फोटो नक्की आणा," अशी सूचना होती. हत्तीवर तिचा विशेष जीव, कारण दादीने सांगितलेली मेघकुमाराची गोष्ट तिला तोंडपाठ होती.

अँटवर्पचे प्राणिसंग्रहालय शहराच्या ऐन मध्यात, मध्यवर्ती रेल्वे स्थानकाला अगदी लागून आहे. हिऱ्यांच्या पेढ्यांच्या गल्ल्याही तिथून चालत काही मिनिटांवर. १८४३ साली सुरू झालेले हे संग्रहालय जगातील जुन्या प्राणिसंग्रहालयांपैकी एक. खाकऱ्यांचा डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून ते सकाळीच आत शिरले. आभाळ भरलेले होते, पाऊस बारीक पण अखंड पडत होता. थंडीमुळे कित्येक प्राणी आतल्या उबदार खोल्यांत होते. छत्री सांभाळत एका काचेपुढून दुसऱ्या काचेपुढे जावे, काचेवर साचलेल्या वाफेतून आत पाहावे आणि कोपऱ्यात एखादी पाठमोरी आकृती दिसावी, असे दोन तास गेले. भोवती मुलाबाळांसह आलेली कुटुंबे होती. कुणी मूल ओरडले की त्याचे आईवडील हसत. त्यांना मात्र जे दिसले ते दाखवायला कुणी जवळ नव्हते. एकट्या माणसाला प्राणिसंग्रहालयात आपणच कुणाच्या तरी पाहण्याचा विषय झालो आहोत, असे वाटू लागते.

सर्वांत मोठी आशा होती ती हत्तीची. नकाशात इजिप्शियन मंदिर दाखवले होते. रंगीत खांबांची आणि चित्रलिपीने भरलेल्या भिंतींची ही भव्य वास्तू १८५६ साली बांधली गेली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या हत्ती राहिले. गृहस्थ मंदिरात शिरले, खांब पाहिले, भिंती पाहिल्या. हत्ती कुठेच नव्हता. एका कर्मचारी बाईंना त्यांनी विचारले. त्यांनी सौजन्याने सांगितले, की हत्ती २०१२ सालीच इथून गेले. २००९ साली याच संग्रहालयात बेल्जियममधील पहिले हत्तीचे पिल्लू जन्मले होते; काई-मूक त्याचे नाव. त्या जन्माचा आनंद साऱ्या देशाने साजरा केला. पुढे तीन वर्षांनी ते पिल्लू आणि त्याचा कळप मेहेलन शहराजवळ, त्याच संस्थेच्या प्लांकेनडाल येथील ऐसपैस उद्यानात हलवला गेला. शहराच्या मध्यावर सुमारे अकरा हेक्टरांची जागा, तीही शेकडो प्राण्यांत वाटलेली. हत्तीच्या कळपाला ती पुरणारी नव्हती.

अकरा हेक्टर म्हणजे खान्देशातील एखाद्या बऱ्यापैकी कापूस उत्पादकाचे शेत. गृहस्थांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि तो त्यांना पटला. तरी वाईट वाटलेच. हत्तीपुढचा चौकोन रिकामा राहिला होता.

पुढे ओकापी दिसला. जिराफाच्या कुळातला, पण पायांवर झेब्र्यासारखे पट्टे असलेला हा लाजाळू प्राणी फक्त आफ्रिकेतील काँगोच्या जंगलात सापडतो. जगभरच्या संग्रहालयांतील ओकापींची जन्म-मृत्यूची आणि वंशावळीची नोंदवही याच अँटवर्पमध्ये ठेवली जाते. जवळच्या नात्यात संबंध होऊन वंश दुबळा होऊ नये, म्हणून कोणता प्राणी कुठे पाठवावा हे त्या वहीवरून ठरते. पेढीच्या चोपड्या सांभाळणाऱ्या माणसाला हे काम मोलाचे वाटले. पण ओकापी कोणत्याही तीर्थंकरांचे लांछन नव्हते.

चिंपांझींच्या काचेपुढे ते जास्त वेळ थांबले. या काचेची एक हकीकत २०२१ साली जगभर छापून आली होती. चिता नावाचा एक नर चिंपांझी लहानपणी माणसांच्या घरात वाढला होता आणि मोठा झाल्यावर संग्रहालयात आला होता. एक बाई चार वर्षे नेमाने त्याच्या भेटीला येत. काचेच्या अलीकडून त्या हात हलवत, पलीकडून तो. संग्रहालयाने अखेर त्यांना या भेटी बंद करायला सांगितले. कारण असे दिले, की माणसांत गुंतलेल्या चिताकडे त्याचा स्वतःचा कळप लक्ष देईनासा झाला आहे आणि संग्रहालय बंद झाल्यावरचे सारे तास तो एकटा पडतो. बाईंना फार दुःख झाले. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण ज्याच्यावर प्रेम केले, त्याची किंमत तोच मोजत होता.

नोव्हेंबरअखेर तिथे सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. चौविहाराचा नेम असल्याने गृहस्थांनी तीन वाजताच एका छपराखाली बसून डबा उघडला. जळगावात तेव्हा साडेसात झाले होते; घरचे प्रतिक्रमण आटोपले असणार. त्यांनी फोन लावला. मुलीने पहिला प्रश्न हत्तीचा विचारला. तो मोठ्या जागेत राहायला गेला, हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला : "जय जिनेंद्र, जय जिनेंद्र." तो मिठूचा होता.

गॅलरीतल्या पिंजऱ्यातला हा पोपट अकरा वर्षांपूर्वी धुळ्याच्या मामांनी आणून दिला होता. गृहस्थांचे वडील त्याच वर्षी गेले. आई दुपारी एकटी बसून राहते, तिला सोबत होईल, एवढाच त्यामागचा हेतू. मिठूला पेरू मिळे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ मिळे, उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओले फडके पडे. त्याला कुणी कधी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. दिवसभर काचांपुढून फिरलेल्या गृहस्थांना मात्र फोनमधला तो आवाज त्या क्षणी वेगळाच ऐकू आला. उरलेला खाकरा तसाच डब्यात राहिला.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. श्रावक-श्राविका प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना करतात. मारणे, कापणे, उपाशी ठेवणे हे दोष जैन घरात सहसा घडत नाहीत, म्हणून जीभ त्यांवरून सहज पुढे सरकते. पण त्या यादीत बंधही आहे, आणि बांधून ठेवलेल्या जिवाला वेळेवर दाणापाणी दिल्याने बंध मिटत नाही. नेमिनाथ प्रभू वरातीतून परतले, तेही वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकूनच. त्या पशूंचा वध अजून व्हायचा होता. प्रभूंच्या कानी आधी पडले ते त्यांचे कोंडलेपण.

प्राणिसंग्रहालये आणि पांजरापोळी जवळजवळ एकाच काळात वाढल्या, हा इतिहासातला योग लक्षात घेण्याजोगा आहे. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ सालचे, अँटवर्पचे १८४३ सालचे. या दोहोंच्या मध्ये, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ स्थापन केली. दोनच वर्षांपूर्वी मोकाट कुत्री मारण्याच्या इंग्रजी हुकमावरून मुंबईत दंगा उसळला होता. त्या जिवांना ठिकाण मिळावे, ही त्यामागची प्रेरणा. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने लाग बसवून ती चालवली. जळगाव-धुळ्याच्या पांजरापोळीही व्यापाऱ्यांच्या अशाच दानावर उभ्या आहेत. 'पांजरापोळ' या शब्दातही पिंजरा आहेच. पण तिथे जीव येतो तो त्याला दुसरे ठिकाण उरले नाही म्हणून. कुणाला त्याला पाहायचे आहे म्हणून नव्हे. लंगडी गाय, आंधळा बैल, म्हातारी शेळी यांना पाहायला तिकीट काढून कुणी येत नाही. जीव कुणाच्या गरजेसाठी आत आहे, हा प्रश्न विचारला की पिंजरा आणि पांजरापोळ वेगवेगळे दिसू लागतात.

हा प्रश्न आता संग्रहालयांनाही पडू लागला आहे. अँटवर्पला काई-मूक जन्मली त्याच २००९ साली भारताच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने संग्रहालयांतील आणि सर्कशींतील हत्ती मोकळ्या छावण्यांत हलवण्याचे निर्देश दिले. हत्तीला चालायला मैलोन्‌मैल लागतात, हे कारण दोन्हीकडे एकच. गृहस्थांचा त्या रविवारचा हिरमोड म्हणजे एका कळपाला मिळालेली मोकळीक होती.

ते परतले तेव्हा आईला काही बोलण्याचा धीर त्यांना होईना. भारतीय पोपट घरात पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना माहीत होते. पण सत्तरी ओलांडलेल्या आईपुढे कायदा कसा ठेवावा? एका सकाळी त्यांनी नुसतेच पिंजऱ्याचे दार उघडे ठेवले. मिठू दारापर्यंत आला, बाहेर पाहिले आणि पुन्हा आतल्या दांडीवर जाऊन बसला. "पाहिलंस? त्याला इथेच आवडतं," आई म्हणाली. तो विषय तिथेच थांबला.

आठवडाभराने रात्री मुलगी दादीच्या कुशीत पडून पुन्हा मेघकुमाराची गोष्ट ऐकत होती. वणव्यात सारे प्राणी एका मोकळ्या जागेत दाटीवाटीने उभे राहिले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने पाय उचलला, तेवढ्यात त्या जागेत एक ससा येऊन बसला. ससा चिरडेल म्हणून हत्तीने पाय खाली टेकलाच नाही. अडीच दिवसांनी वणवा विझला, ससा निघून गेला, आणि हत्ती पाय टेकवू लागला तो कोसळला. पुढच्या जन्मी तोच श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार झाला.

"दादी, तो का पडला?" मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला.

"अगं, अडीच दिवस पाय हलवलाच नाही ना. अखडून गेला," दादीने नेहमीचे उत्तर दिले आणि ती अचानक थांबली. गॅलरीत पिंजऱ्यावर रात्रीचे फडके घातलेले होते. बराच वेळ ती तिकडे पाहत राहिली. मग मुलाला हाक मारून म्हणाली, "भाऊ, अडीच दिवसांत हत्तीचा पाय गेला. याला तर अकरा वर्षं झाली. दार उघडून काय होणार? त्याला उडताच येत नसेल."

दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी वन विभागाशी संपर्क साधला. इतकी वर्षे माणसांत राहिलेला पोपट एकदम आकाशात सोडणे म्हणजे त्याला मांजराच्या वा कावळ्याच्या तोंडी देणे. त्याला जाणत्या हातांत सोपवणेच योग्य, हे त्यांना समजावून सांगण्यात आले. मिठूला देताना आई स्वतः सोबत गेली. वाटेत पिंजरा तिने मांडीवर धरला होता आणि काही बोलली नाही. परत आल्यावर तिने सामायिक घेतले. त्या आठवड्यात घरात दुपारी कुणीच "जय जिनेंद्र" म्हटले नाही आणि ती शांतता सगळ्यांना जाणवली. धुळ्याच्या मामांना फोन करून तिने एवढेच कळवले, "तुझा मिठू वन विभागाकडे दिला. आता दुसरा आणू नको."

हल्ली मुलगी पाठशाळेतून आली की दुपारभर दादीजवळ बसते. गॅलरीतल्या रिकाम्या कडीला पाण्याचे मातीचे भांडे टांगले आहे. यादीचा कागद मुलीने वहीत जपून ठेवला आहे. त्यात निम्म्याहून अधिक चौकोन रिकामे आहेत. हत्तीपुढे मात्र खूण आहे. वडिलांनी ती केलेली नव्हती.

"पण तो दिसला कुठे?" त्यांनी विचारले.

"नाही दिसला. म्हणूनच केली," ती म्हणाली.