पडद्याचे ऑपरेशन मोफत, पण चष्म्याचे काय?

डोळ्याचा पडदा सुटला की ऑपरेशन लांबणीवर टाकता येत नाही. खासगी रुग्णालयातील त्याचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यात पडद्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता या योजनेत घेतले आहे.

ऑपरेशनची सोय झाली. पण पडदा जागेवर बसला म्हणजे लगेच स्पष्ट दिसू लागते, असे नाही. अनेकांना त्यानंतर नव्या नंबरचा चष्मा लागतो, आणि तो बहुतेकांना स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो.

अडचण कोठे आहे?

ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढाच आगेमागेचा खर्च तिच्यात धरला जातो. डोळ्याचा नंबर स्थिर व्हायला मात्र साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. म्हणजे चष्मा करण्याची योग्य वेळ येते तेव्हा योजनेची मुदत संपलेली असते. शिवाय नंबर तपासणे व चष्मा देणे हे बाह्यरुग्ण सेवेत येते आणि ती या योजनेत नाही.

म्हणून घाई करून पहिल्या महिन्यातच चष्मा घेऊ नका. तो दोन महिन्यांत निरुपयोगी ठरू शकतो.

ऑपरेशननुसार नंबर कसा बदलतो?

- डोळ्याभोवती पट्टा बसवला असेल: डोळा थोडा लांबट होतो आणि दूरचे कमी दिसू लागते. उणे नंबर बहुधा २ ते ३ ने वाढतो. क्वचित एकाचे दोन दिसते. त्यावर प्रिझमची काच उपयोगी पडते.
- डोळ्यात गॅस भरला असेल: गॅस विरेपर्यंत धूसर दिसते. तोवर चष्म्याचा उपयोग नाही. या काळात विमानप्रवास करू नये.
- सिलिकॉन तेल भरले असेल: तेलामुळे नंबर बराच बदलतो आणि तेल काढल्यावर पुन्हा बदलतो. तेल साधारण ३ ते ६ महिन्यांनी काढतात. कायमचा चष्मा त्यानंतरच करावा.
- डोळ्यातील जेली काढली असेल: पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांना पुढील दोन वर्षांत मोतीबिंदू वाढतो.

चष्म्याशिवाय कोणते पर्याय?

दोन डोळ्यांच्या नंबरात ३ पेक्षा जास्त फरक असेल, तर चष्म्यातून दोन्ही प्रतिमा लहानमोठ्या दिसतात व डोके दुखते. अशा वेळी कॉन्टॅक्ट लेन्स बरी पडते. ती लावता-काढताना स्वच्छता कसोशीने पाळावी लागते.

मोतीबिंदू झालेला असेल तर त्याच्या ऑपरेशनमध्ये योग्य नंबरची कृत्रिम लेन्स बसवून हा फरक बराच कमी करता येतो. हे ऑपरेशनही योजनेत आहे. म्हणून महागडा चष्मा करण्यापूर्वी विचारा, “मोतीबिंदू किती पिकला आहे? लेन्स बसवून नंबर कमी होईल का?”

पडद्याच्या मध्यभागाला इजा झाली असेल, तर सरळ रेषा वाकडी दिसणे किंवा मधोमध डाग दिसणे चष्म्याने जात नाही. बारीक छिद्रातून पाहायला लावून, काचेने दृष्टी सुधारेल का याचा अंदाज तपासणारे घेऊ शकतात. सुधारणा नसेल तर भिंग, दुर्बीण किंवा अक्षरे मोठी करून दाखवणारी उपकरणे कामी येतात.

पैशांची सोय कोठून?

- राष्ट्रीय वयोश्री योजना: वय ६० पूर्ण, दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी. शिबिरांतून मोफत मिळणाऱ्या साधनांत चष्माही आहे.
- एडिप योजना: ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास साधने मिळतात. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी मदत.
- वस्तू व सेवा कर: २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरचा चष्मा, काचा व फ्रेमवरील कर १२ वरून ५ टक्के झाला. १,००० रुपयांच्या चष्म्यावर आता १२० ऐवजी ५० रुपये कर लागतो. बिल मागून खात्री करा.

लक्षात ठेवा, एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर दिव्यांगत्व ३० टक्केच धरले जाते. त्यामुळे असे अनेक रुग्ण एडिपच्या बाहेर राहतात. साठीच्या आतील कष्टकऱ्याला तर वयोश्रीही मिळत नाही. सर्वांत मोठी पोकळी येथेच आहे.

तुम्ही काय कराल?

१. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पट्टा, गॅस की तेल, हे त्यावर लिहून घ्या.
२. आयुष्मान मित्राला विचारा: तेल काढणे किंवा मोतीबिंदूसाठी पुन्हा दाखल व्हावे लागल्यास ते योजनेत बसेल का?
३. नंबर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात तपासून घ्या.
४. दुसरा डोळा एकुलता आधार असेल तर न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचा घ्या, नंबर नसला तरी.
५. योजनेविषयी शंका असल्यास १४५५५ वर फोन करा.

प्रकाशाचे झोत चमकणे, अचानक काळे ठिपके वाढणे किंवा बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे, यांपैकी काही झाले तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

या ऑपरेशनवर सरकार मोठी रक्कम खर्च करते. त्यापुढे साध्या चष्म्याची किंमत अगदी थोडी आहे. ठरलेल्या मुदतीनंतर एक तपासणी आणि एक चष्मा उपचारातच धरला, तर त्या मोठ्या खर्चाचा लाभ रुग्णाच्या रोजच्या नजरेपर्यंत पोहोचेल. तोवर योग्य वेळेची वाट पाहणे आणि वरील योजना तपासणे, हे तुमच्या हातात आहे.