धमनी ‘आपोआप’ का फाटते?

- विशेष प्रतिनिधी

वय जेमतेम चाळिशीचे, मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल आटोक्यात. अशा स्त्रीच्या छातीत दुखू लागले, तर घरात पित्ताची गोळी पुढे केली जाते आणि दवाखान्यातही कधी कधी ‘ताण घेऊ नका’ एवढ्यावरच बोळवण होते. मात्र, हृदयविकाराचा एक प्रकार नेमका अशाच स्त्रियांना गाठतो. ‘स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन’ अर्थात ‘स्कॅड’ हे त्याचे नाव.

यात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या भिंतीचे थर परस्परांपासून विलग होतात, त्यांच्यामध्ये रक्त साचते आणि रक्ताचा मूळ मार्ग दबतो. चरबी साचून होणाऱ्या नेहमीच्या अडथळ्याहून ही प्रक्रिया सर्वस्वी वेगळी आहे. १९३१ मध्ये एका ४२ वर्षीय महिलेच्या शवविच्छेदनात या विकाराची प्रथम नोंद झाली. त्यानंतर कित्येक दशके तो दुर्मिळ मानला गेला. आता नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांत सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत.

‘आपोआप’ या शब्दाने मात्र दिशाभूल होते. अनेक रुग्णांमध्ये ‘फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया’ हा धमन्यांच्या भिंतीचा दोष आढळतो. मार्फान किंवा एलर्स-डॅनलॉससारखे आनुवंशिक विकार तुलनेने थोड्यांत दिसतात. २०१९ मध्ये ‘फॅक्टर-१’ या जनुकाशी असलेला संबंधही उघड झाला. प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत धोका वाढतो. त्यामुळे संप्रेरकांतील बदलांकडे संशयाची सुई वळते. आधीच दुबळ्या असलेल्या भिंतीवर तीव्र मानसिक आघात किंवा अतिश्रमाचा भार पडला, की निमित्त पुरे होते. म्हणजेच ताण हे निदान टाळण्याचे कारण नव्हे, तर तपासणी करण्याचे कारण ठरते.

कारणांची ही चर्चा केवळ शास्त्रीय नाही. तिच्यावर उपचार अवलंबून आहेत. स्टेंट बसविताना चीर आणखी वाढण्याचा धोका असतो. शिवाय बहुसंख्य रुग्णांत धमनी काही आठवड्यांत वा महिन्यांत स्वतःहून भरून येते. म्हणूनच प्रकृती स्थिर असल्यास औषधे व देखरेख यांवर भर द्यावा, अशी भूमिका अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ मध्ये मांडली. अर्थात, त्यासाठी आधी निदान व्हायला हवे. तरुण स्त्रीच्या छातीतील वेदनेला ईसीजी आणि ट्रोपोनिन चाचणीचा मान मिळाला, तरच ते शक्य आहे.