मागची बाकी एकदम भरू नये



गेल्या वर्षी सहा महिने न्यू जर्सीला मुलाकडे होते. त्याच्या दिवाणखान्यात 75 गॅलनची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे आणि तिच्यात जिवंत प्रवाळ वाढतात. पोवळे म्हणजे अंगठीतला खडा, एवढीच माझी त्याआधीची ओळख. जीव काचेत कोंडू नयेत, हे माझे मत मी पहिल्याच दिवशी सांगितले आणि ते आजही तेच आहे. (टाकीत दोन मासेही आहेत. त्यांच्या खाण्यावरून घरात अजून वाद चालू आहे, तो इथे नको.) पण आणलेच आहेत, तर त्यांचे अंदाजपंचे करणे ही दुसरी हिंसा. आज तिच्याबद्दल लिहिते आहे, कारण ती माझ्याच हातून घडली.

आपल्या ग्रंथांत प्रवाळ पृथ्वीकायिकांच्या यादीत येते, माती, वाळू, मीठ यांच्या पंगतीत. विज्ञान त्याला प्राणी म्हणते. इवल्या इवल्या तोंडांचे जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या खाली कॅल्शियम कार्बोनेटचे घर बांधत जातात. संगमरवर तरी दुसरे काय आहे? जीव आहे, यावर दोघांचे एकमत आहे, मला तेवढे पुरे.

या घराला दोन गोष्टी लागतात. एक कॅल्शियम, दुसरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेले कार्बोनेट-बायकार्बोनेट. समुद्रात कॅल्शियम साधारण 420 पीपीएम आणि अल्कलिनिटी 7 डीकेएचच्या आसपास असते. तिथे साठा अथांग. टाकीत मात्र प्रवाळ रोज घेणार आणि रोज कमी होणार, म्हणून ते वरून घालावे लागते. मुलाकडे दोन बाटल्या होत्या. एकीत कॅल्शियम क्लोराइड, जे तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळवायलाही टाकतात. दुसरीत चक्क आपला खाण्याचा सोडा.

मी बी.कॉम. झालेली बाई. रसायन कळायच्या आधी मला त्यातला हिशेब कळला. प्रवाळ दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणातच उचलते: 2.8 डीकेएच खर्च झाले की 20 पीपीएम कॅल्शियम गेलेच. मुलाच्या टाकीचा खर्च रोजचा अर्धा डीकेएच. म्हणजे कॅल्शियम रोज साडेतीन पीपीएमच्या आसपास जाते. आता बघा, आठवडाभर काहीच घातले नाही तर कॅल्शियम 420 वरून 395 वर येईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. अल्कलिनिटी मात्र साडेआठावरून पाचावर येईल. कॅल्शियम हा गोदामातला माल, अल्कलिनिटी ही गल्ल्यातली रोकड. रोज मोजायची ती रोकड.

आणि एवढ्या मोठ्या टाकीला, दगड-वाळू वगळून धरलेल्या अडीचशे लिटर पाण्याला, रोजचा सोडा लागतो जेमतेम पावणेचार ग्रॅम. पाऊण चमचा! आपण ढोकळ्यात घालतो त्याच्या आसपास.

भाद्रपदात मुलगा कामासाठी बाहेरगावी गेला आणि सून माहेरी. बाटल्या माझ्यावर सोपवल्या होत्या. दशलक्षण पर्वात मी पाच दिवस दुसऱ्या गावी मंदिराजवळ एका ओळखीच्या बाईंकडे राहिले. परत आले ती अपराधी मनाने. पाच दिवसांचे दोन्ही औषध मोजले आणि एकापाठोपाठ एकाच कोपऱ्यात ओतले. उपाशी लेकराला आल्या आल्या भरपेट वाढावे, तसे. पाच मिनिटांत पाणी ताकासारखे झाले. दोन्ही द्रव्यांची तिथल्या तिथे चुन्याची भुकटी झाली होती. उरलेल्या सोड्याने अल्कलिनिटी एकदम उसळली. चार दिवसांत फांद्यांची टोके पांढरी पडली आणि दोन वसाहती पुऱ्या गेल्या. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना फोन केले. टाकीपुढे मात्र नुसती उभी राहिले.

मुलगा रागावला नाही. मी वही घातली.

म्हणून माझे म्हणणे असे, आणि दुकानदारांना ते पटणार नाही: पहिल्या दिवशी बाटली विकतच घेऊ नये. प्रवाळ थोडे असतील तर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलून नवे खारे पाणी घातले तरी भागते. वाढले, तर आधी खर्च शोधावा. तीन दिवस काही न घालता, रोज एकाच वेळी चाचणी करायची. नळीत थेंब थेंब टाकून रंग पालटेपर्यंत मोजायचे. 8.5 चे 7.0 झाले, तर भागाकार सोपा आहे. तेवढेच रोज घालावे, जोरात वाहत्या पाण्यात, एक सकाळी आणि दुसरे संध्याकाळी. खाडा पडला तर दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये, मग भरपाईला आठवडा लागला तरी चालेल. पाण्यात मॅग्नेशियम 1300 च्या आसपास असेल तर भुकटी सहसा होत नाही. तेही महिन्यातून एकदा बघावे.

अकरा-बारापर्यंत अल्कलिनिटी चढवून प्रवाळ भराभर वाढवायची हौस मला मुळीच पटत नाही. वाढ कुणाला हवी आहे, त्याला की आपल्याला? आठावर स्थिर असलेली टाकी चांगली.

तिकडचे काही जण रात्री चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडतात, कारण एका चुन्यात जमेच्या दोन्ही बाजू येतात आणि रात्री उतरणारा पीएचही सावरतो. मुलगा आता त्यावर जायचे म्हणतो. पानाच्या डब्यातला चुना वापरू नकोस, एवढे मी बजावले आहे.

आपल्याकडे कुणाच्या मुला-नातवाला ही हौस वाटली तर सरळ नाही म्हणा. खडे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे.

वही मी तिकडेच ठेवून आले. रविवारी फोनवर सून आकडे वाचून दाखवते. परवाचा 8.1 होता. पांढऱ्या पडलेल्या एका फांदीच्या बुडाशी बोटभर तपकिरी रंग परत आला आहे म्हणाली. दुसरी तशीच आहे, काढलेली नाही.