थर्मामीटर आणि इंद्रशत्रू

माझी भाची परिचारिका आहे. गेल्या वर्षी तिला इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात नोकरी लागली. जाण्यापूर्वी इंग्रजीची परीक्षा ती चांगल्या गुणांनी उतरली होती, आणि व्याकरणात तर ती माझ्याही चुका काढते. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, तो रडवेल्या सुरात.

"मामा, मी काही बोलले की समोरचा आधी 'सॉरी?' म्हणतो. काल रात्री थर्मामीटर मागितला, तर बरोबरची सिस्टर नुसती बघत राहिली. तीनदा सांगितलं. शेवटी जिभेखाली बोट धरून दाखवलं, तेव्हा तिला कळलं!"

मला हसू आले. पण पुढचे वाक्य ऐकले आणि ते मावळले. "आता मी शक्यतो बोलतच नाही," ती म्हणाली. रात्रपाळीच्या नर्सने बोलायचे टाळावे, हे रोग्याच्या दृष्टीने काही बरे नव्हे.

वास्तविक मी मराठीचा प्राध्यापक. माझ्याकडे इंग्रजी उच्चारांचा सल्ला मागणे म्हणजे सोनाराकडे नांगर नेण्यासारखे. पण मामाला 'नाही' म्हणता येत नाही. मी डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश काढला. तो पहिल्यांदा निघाला १९१७ साली, आणि माझ्या कपाटात बरीच वर्षे स्वस्थ बसून होता. थर्मामीटर या शब्दात दुसऱ्या अक्षराच्या आधी, किंचित वर, एक बारीकशी उभी रेघ होती. अशा रेघा मी जन्मभर छपाईचा डाग समजून ओलांडत आलो होतो! ती रेघ सांगते, की हिच्या पुढच्या अक्षरावर आघात द्या. म्हणजे शब्द झाला 'थ-मॉ-मि-ट'. सगळा भार 'मॉ'वर, बाकीची अक्षरे जाता जाता उरकायची. माझी भाची म्हणत होती 'थर्मा' आणि 'मीटर', किलोमीटरसारखा ठणठणीत. ऐकणारी 'मॉ'ची वाट पाहत होती, आणि तो आलाच नाही.

मराठीत आपण अक्षरांना पंगतीसारखे वाढतो. सर्वांना साधारण सारखेच. आपल्याकडे आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपला कान तयार झाला आहे लघुगुरूंवर. 'यमाताराजभानसलगा' घोकलेल्यांना हे सांगायला नको. इंग्रज कवी मात्र आघात मोजतो. त्याच्या शब्दात एक अक्षर नवरदेव, बाकीचे वऱ्हाडी. आणि गंमत अशी, की या वऱ्हाडी अक्षरांतल्या स्वरांचा रंगच उडतो. त्यांचा बहुधा आपल्या 'अ'च्या जवळचा एक पुसट स्वर होतो. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांत त्याला स्वतःचे अक्षर नाही, तरी त्यांच्या बोलण्यात सर्वांत अधिक वेळा येणारा स्वर तोच! 'बनाना' या शब्दात लिहिताना तिन्ही स्वर एकच. बोलताना मधला तेवढा 'ना', कडेचे दोन्ही 'अ'. 'फोटोग्राफ'मध्ये भार 'फो'वर. 'फोटोग्राफर' म्हटले की तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि शब्द होतो 'फटॉग्रफ'. 'फोटोग्राफिक'मध्ये तो 'ग्रॅ'वर जाऊन बसतो. आपण इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी, स्पेलिंग वाचून. मग दिसेल ते प्रत्येक अक्षर इमानाने उच्चारणारच.

नियम थोडेफार आहेत. शेवटी 'शन' आला की आघात त्याच्या आधीच्या अक्षरावर. 'रेकॉर्ड', 'इंपोर्ट', 'परमिट' ही नामे असतील तर आघात पहिल्यावर, क्रियापदे असतील तर दुसऱ्यावर. पण 'रिपोर्ट' काही हे जुमानत नाही. तो दोन्हीकडे दुसऱ्यावरच. म्हणून कोश उघडण्याला पर्याय नाही.

मी स्वतः एकदा एका परदेशी पाहुण्याला सांगितले होते, की आमची 'कमिटी' चार वाजता आहे. पहिल्या अक्षरावर मी असा काही जोर दिला, की त्याने विचारले, "कॉमेडी?" महाविद्यालयातल्या कमिट्या आठवल्या, आणि मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.

"पण एवढ्याशा आघाताने काय बिघडतं?" असे भाचीने विचारलेच. तेव्हा मात्र मी माझ्या मैदानात आलो. पतंजलींनी महाभाष्यात दिलेले उदाहरण तिला सांगितले. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने होम केला. मंत्रात शब्द होता 'इंद्रशत्रू'. उदात्त स्वर शेवटी असता तर तो तत्पुरुष, म्हणजे इंद्राला मारणारा. पण तो लागला पहिल्या पदावर, आणि झाला बहुव्रीही: इंद्र ज्याला मारणार आहे तो. शब्द तोच, अक्षरे तीच; आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला. वैदिक स्वर म्हणजे सुराचा चढउतार. इंग्रजी आघातात जोर, लांबी आणि सूर तिन्ही येतात, हा फरक आहेच. पण स्वर चुकला की काय होते, ते आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

मग आम्ही शिकवणी सुरू केली. वॉर्डातले रोजचे दहा शब्द घ्यायचे, कोशातली रेघ पाहायची, आणि त्या अक्षरावर टेबलावर थाप मारायची, तबलजी समेवर मारतो तशी. 'इमर्जन्सी'त थाप 'मर'वर, 'पॅरालिसिस'मध्ये 'रॅ'वर, 'डायबेटिस'मध्ये 'बी'वर. तिचे ट आणि ड मराठीच राहू द्या म्हटले. त्यांच्यावाचून कुणाचे अडत नाही. घरी मात्र थर्मामीटरला खुशाल थर्मामीटरच म्हणावे. तो आता आपला शब्द आहे, आणि त्याला इंग्रजी चालीवर नाचवण्यात मला तरी शोभा वाटत नाही.

गेल्या महिन्यात तिचा पुन्हा फोन आला. 'सॉरी?' अजून ऐकू येते, पण दिवसाकाठी एखाद्या वेळी. रात्री डॉक्टरांना फोन करायचा झाला तर तीच करते. बोलता बोलता मी काहीतरी 'डेव्हलपमेंट'विषयी म्हणालो.

"मामा, पहिल्यावर नाही, दुसऱ्यावर," ती म्हणाली. "मार बघू थाप."

मी मारली. आतून हिने विचारले, दारावर कोण आहे?